उलट्या दिशेनं पळालेला गडी

सांगली

आमच्या घरात सगळं पिवळं असायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचे. घरी आले की बनियन पिवळं, कान पिवळे, पापण्यांचे केससुद्धा पिवळे. आई त्याच यार्डात हळकुंडं निवडायला जायची. गोदामामागच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. माझ्या वह्यांच्या कडा पिवळ्या असत, त्यामुळं वर्गात वही हरवली तरी नाव न वाचता परत यायची. सौदे बंद असले की अण्णांना काम नसायचं. मग पहिले दोन दिवस भाकरी आणि चटणी, आणि तिसऱ्या दिवसापासून नुसती भाकरी.

अण्णांच्या उजव्या खांद्यावर पोत्यानं पडलेला घट्टा होता. सगळ्यांच्या बापांना तसा असतो अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती.

खेळ म्हणून मी कबड्डी खेळलो, ती आवड होती म्हणून नाही. ज्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, बूटही लागत नाहीत असा तेवढाच खेळ आमच्या वाट्याला होता. यार्डातल्या हमालांचा संघ होता आणि अण्णा त्यात डाव्या कोपऱ्यावर पकड करायचे. पुढं मीही तेच केलं, त्याच जोरावर इंजिनिअरिंगला पोचलो आणि विद्यापीठाकडून खेळलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी या लेखात अधूनमधून पुन्हा सांगणार आहे, वाचकांनी सहन करावं.

नंतर हॉलंडमधल्या एका छोट्या कॉलेजात एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळाली. अण्णांनी एवढंच विचारलं, "आरं, पुन्यांदा कॉलेज? पहिलं नीट झालं न्हाय व्हय?"

आइंडहोवनजवळचं एक गाव

कॉलेज आइंडहोवनहून सायकलनं पाऊण तासावर होतं. हा पाऊण तास डच माणसाचा. वारा समोरून असला की माझा सव्वा तास व्हायचा, आणि तिथं वारा जाताना समोरून असतो आणि येतानाही समोरूनच असतो.

खेमेन्टेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवून आलो त्याच दिवशी कॉलेजच्या आवारात वेगवेगळ्या क्लबांनी टेबलं मांडली होती. एका टेबलावर कुणीच जात नव्हतं. मागं एक साडेसहा फुटी मुलगा लंबगोल चेंडू घेऊन अवघडून उभा होता. मला त्याची दया आली. हीच माझी पहिली चूक.

"तू कुठला खेळ खेळतोस?" त्यानं विचारलं.

"कबड्डी."

"त्यात काय करतात?"

"माणूस अंगावर येतो. त्याला धरायचं आणि पाडायचं."

त्याचे डोळे असे चमकले की मी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. त्याचं नाव यॉरिस. तो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कप्तान, आणि त्याचं ते शेवटचं वर्ष. त्यानं काही न लपवता सांगून टाकलं, "आम्ही तीन वर्षांत एकही सामना जिंकलेलो नाही. या हंगामात निदान एक जिंकला नाही तर क्रीडा समिती आमची मंगळवारची मैदानाची वेळ आणि सामानाची खोली हॉकीवाल्यांना देणार. मग संघ बंद. तुला यायलाच पाहिजे असं नाही. पण ये."

आपल्याकडं कप्तान आधी करंडक दाखवतो. याच्याकडं दाखवायला हॉकीवाल्यांची भीती तेवढी होती. मी नाव दिलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नावात फुटबॉल असला तरी पायाचं काम पळण्यापुरतं, आणि क्वचित चेंडू लाथेनं लांब उडवून डाव समोरच्यांना देण्यापुरतं. अकरा इकडे, अकरा तिकडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न. समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण. ज्याच्या हातात चेंडू, त्याला समोरच्यांनी पाडायचं. आणखी एक नियम आहे, पण तो मला द हेगला कळला, म्हणून वाचकांनाही तिथंच कळेल.

आमची प्रशिक्षक हानेके. वय साठ, उंची माझ्याहून वीतभर जास्त, नोकरी कॉलेजच्या वाचनालयात. तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत राहून हा खेळ शिकून आलेली. मी पहिल्या दिवशी "मॅडम" म्हणालो तर म्हणाली, "मॅडम कोण? मी हानेके." आमच्याकडं मास्तरांच्या बायकोलासुद्धा नावानं हाक मारत नाहीत. मी कित्येक महिने तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. समोर जाऊन खोकायचो.

तिनं मला खांद्याचे पॅड दिले. ते चढवून आरशात पाहिलं तर मी कपाटासारखा दिसत होतो. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवले.

"एवढं अंगावर घालून खेळताय?"

"हो अण्णा, लागू नये म्हणून."

"आमी शंभर किलोचं पोतं घेताना खांद्यावर एक गोणपाट टाकायचो," अण्णा म्हणाले आणि मागं वळून आईला म्हणाले, "बघ गं, पोरगं किती जपून ऱ्हातंय."

पॅड पाठीवर बांधले की सायकलवर हेल्मेट ठेवायला जागा उरायची नाही, म्हणून मी ते डोक्यात घालायचो. त्या देशात दोन वर्षांच्या पोरापासून नव्वद वर्षांच्या आजीपर्यंत सगळे सायकलवर उघड्या डोक्यानं फिरतात. तोंडाला लोखंडी जाळी लावून कालव्याकाठानं जाणारा मीच एकटा. एका म्हातारबाईनं सिग्नलला माझ्या दंडावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "भिऊ नकोस बाळा, आमची रहदारी एवढी वाईट नाही."

द हेग

हंगाम मार्चात सुरू झाला. पहिला सामना द हेगला. वकिलाती, झेंडे, कोटातली माणसं, ट्राम. त्या ट्राममध्ये आम्ही चौदाजण पॅड घालून उभे होतो, आणि एकाही माणसानं मान वर करून पाहिलं नाही. सांगलीच्या बसमध्ये आम्ही असे चढलो असतो तर कंडक्टरनं तिकिटाआधी आमची अख्खी हकीकत विचारली असती.

मला बचावात मागं उभं केलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात समोरच्यांनी आम्हाला एवढ्या वेळा तुडवलं की आमच्या संघाचं आता फक्त नाव शिल्लक होतं. मग त्यांच्यातल्या एकानं लांब चेंडू फेकला, तो आमच्या बासच्या हेल्मेटवर आपटला आणि उडून माझ्या हातात आला. बास म्हणजे आमचा सगळ्यात जाड गडी, स्वभावानं गाय. तो ओरडला, "पळ!"

मी मान वर केली. समोर सातजण अर्धवर्तुळ करून माझ्याकडं येत होते. मी एकटा.

वाचकहो, पंधरा वर्षं ज्यानं कबड्डी खेळली त्याला हे दृश्य दिसल्यावर दुसरं काय सुचणार? ही चढाई होती. हातात चेंडू आहे हे मी विसरलो. तोंडातून आपोआप "कबड्डी कबड्डी" सुरू झालं. पुढं झेपावलो, पहिल्या गड्याच्या छातीला बोट लावलं, आणि गुण घेऊन जिवाच्या आकांतानं माघारी पळालो. पाठीमागून आमचीच माणसं काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय. आमच्या मागच्या रेघेपलीकडं पोचलो, दम सोडला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलो. तेव्हा ते सातहीजण माझ्यावर पडले.

बाहेर निघालो तर समोर पंच. त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन तळवे जोडले. मला वाटलं, परदेशी पाहुणा म्हणून नमस्कार करतोय. एवढ्या गडबडीत माणसाला हे सुचावं यानं मला भरून आलं. मीही हेल्मेटसकट वाकून नमस्कार केला.

तो नमस्कार नव्हता. आपल्याच शेवटच्या पट्ट्यात चेंडूसकट पाडले गेलात की समोरच्या संघाला दोन गुण मिळतात, आणि त्या दोन गुणांची खूण डोक्यावर तळवे जोडून करतात. हाच तो राहिलेला नियम.

पंच हानेकेकडं गेला आणि माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "तो सतत काहीतरी पुटपुटतोय. प्रार्थना आहे का?"

"असेल," हानेके म्हणाली. "आम्हाला गरज आहे."

आम्ही चाळीस–शून्य हरलो. परतीच्या ट्राममध्ये मी मान खाली घालून बसलो होतो. यॉरिस शेजारी येऊन बसला. "मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "चाळीसपैकी दोनच तुझे." डच माणूस सांत्वनसुद्धा हिशेबानं करतो. आणि हानेकेनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आज तू फार वाईट खेळलास. मंगळवारी साडेसहाला ये." त्या देशात ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात आणि दोन्ही खरी असतात, हे कळायला मला वेळ लागला.

ग्रोनिंगन

दुसरा सामना घरच्या मैदानावर हरलो. तिसरा ग्रोनिंगनला, देशाच्या पार उत्तरेच्या टोकाला. टोक म्हणजे रेल्वेनं तीन तास. आमच्याकडं तीन तासांत माणूस लग्नालासुद्धा निघत नाही, पण बास आदल्या दिवसापासून "केवढं लांब" म्हणून धास्तावला होता. बाहेर सपाट हिरवं रान, सरळ रेघेतले कालवे, गाई, पुन्हा कालवे. डोंगर नावालाही नाही. एवढं रिकामं क्षितिज पाहिलं की मला कुणीतरी भिंत काढून नेल्यासारखं वाटायचं.

दुपार झाली तशी सगळ्यांनी आपापले डबे उघडले. प्रत्येकाच्या डब्यात दोन पाव आणि मध्ये चीजचा एक काप. प्रत्येकजण आपल्या डब्यात बघून खात होता. मी पहाटे उठून वीस दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. एकट्यानं कसं खाणार? डबा पुढं केला.

"हे सगळ्यांसाठी आहे?" यॉरिसनं विचारलं.

"हो."

"तू आधी सांगितलं नाहीस. मग मी पाव आणला नसता."

तरी दहा मिनिटांत वीस दशम्या संपल्या. बासनं चटणीचा डबा बोटानं पुसला आणि पाणी मागितलं, पुन्हा पाणी मागितलं, मग गाडीच्या दुसऱ्या डब्यात जाऊन कुणाची तरी बाटली आणली.

ग्रोनिंगनमध्ये जगभरची पोरं शिकायला असतात, त्यामुळं त्यांचा संघ निवडक. आम्ही सहा–बारा हरलो. पण त्या सामन्यात मी त्यांच्या सगळ्यात वेगवान गड्याला दोनदा घोट्याला धरून आडवा केला. परतीच्या गाडीत हानेके माझ्या समोर येऊन बसली.

"ते तू कसं केलंस? दाखव."

मी यॉरिसला डब्यातल्या मधल्या वाटेत उभं केलं आणि त्याचा घोटा धरला. साडेसहा फुटांचा गडी धप्पकन बसला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि खिडकीवरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं. तो शांतता पाळायचा डबा होता. मग उरलेला धडा मी एक शब्द न बोलता दिला. बास पडला, यॉरिस परत पडला, हानेकेनं खुणेनं विचारलं, मी खुणेनं सांगितलं. आजोबा वर्तमानपत्राच्या वरून सगळं बघत होते. त्यांचं स्टेशन आलं तसे ते उठले, वाकले, आणि यॉरिसच्या पोटरीवर माझा हात कुठं असायला हवा होता ते बोटानं दाखवून उतरून गेले. मला वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

त्या मंगळवारी हानेकेनं मैदानावर चुन्यानं कबड्डीचं पटांगण आखलं. समितीची परवानगी, दोन ई-मेल आणि एक फॉर्म, हे सगळं होऊन. सहा-सहा फुटांचे गोरे गडी हात धरून साखळी करून चिखलात उभे, आणि त्यातला एकेकजण दम धरून "काबाडी काबाडी" म्हणत पुढं येतोय. कुंपणापलीकडून हॉकीवाले फोनवर शूटिंग करत होते. मी सगळ्यांना एकच शब्द शिकवला: "धरा!" एकानं घोटा धरला की तो ओरडणार, आणि बाकीच्यांनी विचार न करता येऊन पडायचं. डच माणसाला विचार न करता काही करायला लावणं हेच सगळ्यात अवघड गेलं. "पण का?" असं बासनं चारदा विचारलं.

चौथा सामनाही हरलो, पण फक्त तीन गुणांनी. आता एकच उरला होता.

घरचं मैदान

त्या आठवड्यात यॉरिस बोलेनासा झाला. सामानाच्या खोलीत जाऊन जुनी हेल्मेटं पुसत बसायचा. एकदा मी आत गेलो तर म्हणाला, "कपाटांची मापं घ्यायला आले होते. हॉकी स्टिक मावतील का ते बघत होते." त्याला तो संघ त्याच्या मोठ्या बहिणीच्या मित्रांनी सोपवला होता आणि तो आपल्या हातून जातोय, याची त्याला लाज वाटत होती. लाज मला ओळखू येते. पिवळ्या वह्या घेऊन मी शहरातल्या शाळेत गेलेलो आहे.

मी अण्णांना फोन केला. ते नुकतेच यार्डातून आले होते.

"समोरचे अंगानं लई मोठे हाईत अण्णा. घोटा धरतो, पण कधी कधी पाय सुटतो."

"कुटला पाय धरतोस?"

"जो हाताशी येईल तो."

"येडा का खुळा? रिकामा पाय धरून काय उपेग? ज्या पायावर वजन, त्यो पाय धर. वजन अडलं की गडी जागचा हलत न्हाय. पोतं उचलून बघ म्हंजी कळंल." मग म्हणाले, "आता इंजिनेराला वजन मी शिकवायचं व्हय?"

सामन्याच्या दिवशी एप्रिल असून गारा पडत होत्या. आइंडहोवनहून कांबळेदादा आणि वहिनी आले. दादा मूळचे नागपूरचे, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. दर रविवारी मला जेवायला बोलवायचे. छत्री, थर्मासमध्ये चहा आणि ताटभर भजी घेऊन ते रेघेजवळ उभे राहिले. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी आवाज दिला, "काय बे, हा खेळ आहे का ऑफिसची मीटिंग? पाच सेकंद पळता आणि पाच मिनिटं घोळका करून चर्चा!"

"दादा, डावपेच ठरवतो."

"आमच्या ऑफिसातही असंच म्हणतात!"

समोरचा संघ आमच्यासारखाच दुबळा होता. वाऱ्यात चेंडू कुणाच्याच हातात थांबेना. शून्य–शून्य. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा यॉरिसनं चेंडू लाथेनं लांब उडवला आणि इतके महिने तोंडावर येणाऱ्या त्या वाऱ्यानं पहिल्यांदा आमचं काम केलं. चेंडू जाऊन त्यांच्या शेवटच्या रेघेपासून एका पावलावर थांबला. म्हणजे आता डाव त्यांचा, आणि पाठीला त्यांचाच शेवटचा पट्टा.

चेंडू त्यांच्या सगळ्यात मोठ्या गड्याकडं गेला. फ्रिजएवढा माणूस. तो पट्ट्यातच उभा होता आणि बास, यॉरिस कुठून येतात ते बघत होता. माझ्यासारखा बुटका दोघांच्या काखेखालून आत शिरलाय हे त्याला दिसलंच नाही. मी त्याच्या पायांकडं पाहिलं. उजवा पाय पुढं नाचत होता. वजन डाव्यावर होतं.

मी डावा धरला.

तो हलला नाही. मग त्यानं मला पायाबरोबर फरफटवत अर्धा हात पुढं नेलं; रेघ तिथंच होती. तोंडात चिखल होता, तरी मी ओरडलो, "धरा!"

आणि बास विचार न करता आला. त्याच्यामागून यॉरिस, त्याच्यामागून सगळी साखळी "काबाडी काबाडी" करत येऊन पडली. खाली मी, वर फ्रिज, त्याच्यावर सबंध कॉलेज. त्या ढिगाऱ्याखाली मला एवढंच कळत होतं की घोटा माझ्या हातात आहे आणि रेघ माझ्या कोपराच्या पुढं आहे.

एकेक करून माणसं उठली. पंच द हेगचाच होता. तो माझ्याकडं बघत थांबला, ओळख पटल्यासारखा. मग त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन तळवे जोडले.

आता मला अर्थ ठाऊक होता. तरी मी वाकून नमस्कार केला. या खेपेला पंचानं हळूच मानही हलवली.

उरलेला वेळ आम्ही कसा काढला ते मला नीट आठवत नाही. शिट्टी वाजली तेव्हा यॉरिस गारांमध्ये बसून रडत होता आणि हानेके त्याला सांगत होती, "चेंडू धरताना तू अजूनही चुकतोस." बास सरळ कांबळेवहिनींच्या भज्यांकडं गेला. मी खोकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "हानेके, जिंकलो." तिनं पहिल्यांदाच मला सांगितलं नाही की मी काय चुकलो.

अण्णांना फोन लावला आणि वजनाचा डावा पाय कसा धरला ते सांगितलं.

"किती गुणांनी?"

"दोन–शून्य."

"एवढा दंगा करून दोनच?" अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. ते यार्डातल्या लोकांना सांगत होते, "डावा पाय धरला म्हणं. मीच सांगितलंतं."

तो संघ आजही दर मंगळवारी त्या मैदानावर खेळतो आणि सामानाची खोली त्यांच्याकडंच आहे. मी जुलैमध्ये अभ्यासक्रम पूर्ण केला आणि घरी आलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी होतोच. आता दोन पदव्या आहेत. आणि त्या हंगामात आमचं कॉलेज पाच सामने खेळलं, चार हरलं आणि एक जिंकलं.